मोटारीतील गोंगाट : आधी निदान, मग उपाय

पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्या एका लहान मोटारीची कल्पना करावी. पुढे मुलगा व सून, मागे आजी आणि नातू. हडपसर ओलांडेपर्यंत गप्पा रंगलेल्या असतात. मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जातो आणि टायरांची घरघर, वाऱ्याचा घोंघावता आवाज व दारांचा कंप यांनी गाडीचा अंतर्भाग भरून जातो. आजी काही विचारतात; पुढून ‘काय म्हणालात?’ असा प्रतिप्रश्न येतो. दुसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर मिळते, पण श्रवणयंत्र असूनही ते आजींना नीट कळत नाही. तिसऱ्यांदा विचारण्यापेक्षा गप्प बसणे त्यांना बरे वाटते. भिगवण येते, इंदापूर मागे पडते. आजी खिडकीबाहेर पाहत राहतात. घरच्यांना वाटते, त्यांना डुलकी लागली असावी.

अशा प्रवासानंतर घरात सहसा दोन पर्यायांची चर्चा होते. एक म्हणजे ही गाडी विकून मोठी, अधिक शांत गाडी घ्यावी. अर्थात त्यासाठी नवे कर्ज काढावे. दुसरा पर्याय म्हणजे मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन ‘संपूर्ण गाडीचे डॅम्पिंग’ करून घ्यावे. दोन्ही मार्ग खर्चाचे आहेत आणि दोहोंतही एक प्रश्न विचारायचा राहून जातो : हा आवाज येतो तरी कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फारसा खर्च येत नाही. ते मिळाले, तर पुढील खर्च पुष्कळदा निम्म्याहून कमी होतो. क्वचित तो करावाच लागत नाही.

डेसिबलचा हिशेब

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. दोन माणसांचे समोरासमोरचे साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या लहान मोटारीत, काचा बंद असतानाही, आतील आवाज ७० डेसिबलच्या आसपास पोहोचतो. तुलनेसाठी सांगायचे तर आपल्या देशातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठरविलेली आहे.

६० आणि ७० हे आकडे जवळचे वाटतात. मात्र डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ होय. मानवी कानाला ती सुमारे दुप्पट मोठी भासते. उलट केवळ ३ डेसिबलची घट झाली, तरी ध्वनिऊर्जा निम्मी होते. म्हणूनच मोटारीत तीन-चार डेसिबल कमी करणे हे कागदावर किरकोळ दिसले, तरी प्रत्यक्षात मोलाचे असते.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावयास हवी. गाडीतील गोंगाटाचा मोठा भाग खर्जातील, म्हणजे कमी कंपनसंख्येचा असतो. असा खर्जातील सततचा आवाज वरच्या पट्टीतील नाजूक ध्वनींना झाकून टाकतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने मुळातच क्षीण असतात. ती प्रथम हरवतात. ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते. वयोमानानुसार वरच्या पट्टीतील ध्वनी ऐकण्याची क्षमता आधीच घटलेली असते आणि श्रवणयंत्र बोलण्याबरोबर गोंगाटही मोठा करते. आजी गप्प का बसल्या, याचे उत्तर यात आहे. चालकाची गोष्टही वेगळी नाही. चार-पाच तास या गोंगाटात काढल्यावर येणारा शीण केवळ रस्त्यामुळे आलेला नसतो.

आवाजाच्या तीन वाटा

गाडीत आवाज तीन वाटांनी येतो. पहिली वाट कंपनाची. मोटारीच्या दाराचा किंवा टपाचा पत्रा साधारणपणे १ मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. इंजिन व चाकांची कंपने सांगाड्यातून या पत्र्यापर्यंत पोहोचली, की तो ढोलाच्या कातड्याप्रमाणे थरथरतो व स्वतःच आवाज निर्माण करतो. दुसरी वाट हवेतून येणाऱ्या आवाजाची. टायर व रस्ता यांच्या घर्षणाचा किंवा शेजारून जाणाऱ्या मालमोटारीचा आवाज पत्रा व काच भेदून आत शिरतो. तिसरी वाट फटींची. दाराचे रबरी बीडिंग झिजले, कोठे एखादे रबरी बूच निघाले, की तेवढ्याशा जागेतून वारा व आवाज दोन्ही आत येतात.

या तीन वाटांवरील उपाय भिन्न आहेत. कंपनावर उपाय केला म्हणून फटीतून येणारा वारा थांबत नाही. फट बुजविली म्हणून पत्र्याचे थरथरणे थांबत नाही. दुकानात मिळणारा प्रत्येक काळा किंवा चंदेरी पत्रक-तुकडा ‘साउंडप्रूफिंग’ याच नावाने विकला जातो आणि ग्राहकाची फसगत बहुधा येथेच होते.

निदान : अर्ध्या दिवसाचे काम

निदानासाठी एक ओळखीचा रस्ता, एक सोबती आणि एक वही एवढे पुरे. गाडी उभी असताना, गिअर न टाकता इंजिनाचा वेग वाढवून पाहावा. आवाज त्या प्रमाणात वाढला, तर इंजिनाचे माउंटिंग, सायलेन्सरचे रबरी टांगणे किंवा बॉनेटखालचे आवरण तपासून घ्यावे. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच आवाज एकदम बदलला, तर तो टायरांचा होय. वेगाबरोबर वाढणारा आणि वळणावर कमी-जास्त होणारा गुणगुणता आवाज चाकाच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता असते. त्यासाठी तत्काळ कार्यशाळा गाठावी. तो झाकण्याचा प्रयत्न करणे धोक्याचे ठरेल. खडबडीत रस्त्यावर कानांवर दाब आल्यासारखा घुमारा जाणवला, तर डिकीचा तळ, मागील चाकांच्या कमानी किंवा टप थरथरत आहेत, असे समजावे.

फटींची परीक्षा आणखी सोपी आहे. दाराच्या चौकटीत कागदाची पट्टी धरून दार लावावे व पट्टी ओढून पाहावी. ती घट्ट बसली, तर बीडिंग शाबूत आहे. अलगद सुटून आली, तर तेथे रबर दबलेले आहे. दाराभोवती ठिकठिकाणी हा प्रयोग करावा. (यासाठी खिशातील नोट वापरण्याचा मोह टाळावा, हे बँकेच्या ग्राहकांना सांगणे नलगे!) वाऱ्याच्या आवाजाचा संशय असल्यास रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी दारांच्या बाहेरील सांध्यांवर लावून तोच रस्ता पुन्हा कापावा. आवाज स्पष्टपणे घटला, तर दोष सांध्यांचा. ही पट्टी फार वेळ उन्हात ठेवू नये.

भ्रमणध्वनीवरील ध्वनिमापक सुविधेचाही उपयोग होतो. तिचा आकडा अचूक नसला, तरी आधी व नंतर अशी तुलना करण्यास तो पुरेसा असतो. मात्र रस्ता, वेग, गिअर, वातानुकूलनाचा पंखा आणि भ्रमणध्वनी ठेवण्याची जागा या गोष्टी दोन्ही वेळा सारख्याच हव्यात. नोंद तारखेसह वहीत लिहून ठेवावी. काम झाल्यावर पैसे सार्थकी लागले की नाही, हे ती वहीच सांगेल.

स्वस्त उपाय आधी

निदानानंतर प्रथम टायरांकडे वळावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली संपूर्ण खुला झाला. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. असे सिमेंट काँक्रीटचे लांब मार्ग आता देशभर झाले आहेत. काँक्रीटवर पकड राहावी म्हणून खाचा कोरतात व त्यांवरून जाताना टायर गुणगुणतात. टायर जुने, कडक किंवा असमान झिजलेले असतील, तर ही गुणगुण गर्जना होते. टायरच्या कडेवरील चार आकडी संख्या त्याच्या निर्मितीचा काळ सांगते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. हवेचा दाब उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात आहे का, चाकांची अलाइनमेंट व बॅलन्सिंग कधी केली होती, हेही पाहावे. पुढील वर्षी टायर बदलावयाचेच असतील, तर ते आधी बदलून, कमी आवाजाच्या नक्षीचे घेऊन, मगच इतर खर्चाचा विचार करणे शहाणपणाचे ठरते.

त्यानंतर बीडिंग. झिजलेले बीडिंग बदलणे हे घरच्या घरी होण्यासारखे काम आहे. त्याबरोबरच दारांच्या कड्या व बिजागऱ्या, डिकीतील जॅक व पाने, हातमोजाच्या कप्प्यातील खुळखुळणाऱ्या वस्तू यांकडेही लक्ष द्यावे. एवढ्यावर समाधान झाले, तर पुढील मजकूर केवळ माहितीसाठी वाचावा.

साहित्याची ओळख

कंपनावरील उपाय म्हणजे कंपनशामक पत्रक, बाजारातील भाषेत ‘डॅम्पिंग शीट’. या विषयाचा शास्त्रीय पाया १९५० च्या दशकात घातला गेला. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान ओबेर्स्ट यांनी १९५२ साली पत्र्यावर चिकटविलेल्या लेपाने कंपने कशी शमतात याचा अभ्यास मांडला. १९५९ साली अमेरिकेत एडवर्ड केर्विन यांनी त्यापुढील पाऊल टाकले : चिवट, लवचीक थरावर वरून एक ताठ पातळ थर बसविला, तर मधला थर दोहोंच्या कात्रीत सापडून ताणला जातो आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. आजची चांगली पत्रके याच तत्त्वावर बनतात. खाली ब्युटाइल रबराचा सुमारे २ मिलिमीटर जाडीचा चिकट थर आणि वर ॲल्युमिनियमचा वर्ख. हा वर्ख शोभेसाठी नसतो. त्याच्या ताठपणावरच परिणाम अवलंबून असतो. म्हणून केवळ पत्रकाची एकूण जाडी न विचारता वर्खाची जाडीही विचारावी. स्वयंपाकघरातील वर्खाइतका तो पातळ असेल, तर पत्रक नाकारावे.

हे पत्रक संपूर्ण पत्रा झाकेल असे लावण्याची आवश्यकता नसते, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. पत्रा मध्यभागी सर्वाधिक थरथरतो. प्रत्येक सपाट भागाच्या मध्यावर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश क्षेत्र झाकले, तरी बहुतांश लाभ पदरी पडतो. परीक्षा साधी आहे. बोटाने टिचकी मारल्यावर ‘ढण्’ असा लांबणारा नाद येत असेल, तर पत्रक हवे. ‘ठप्’ असा बसका आवाज आला, की पुरे. ‘संपूर्ण डॅम्पिंग’चे मोठे देयक पुष्कळदा या एका माहितीअभावी भरले जाते.

हवेतून येणाऱ्या आवाजासाठी वजनदार अडथळा लागतो. अडथळ्याचे दर चौरस मीटर वजन दुप्पट केले, तर तो अडवीत असलेला आवाज सुमारे ६ डेसिबलने अधिक अडतो, असा ध्वनिशास्त्रातील वस्तुमानाचा नियम आहे. या कामी खनिज भुकटी मिसळून जड केलेले विनाइलचे लवचीक पत्रक वापरतात. त्याचे वजन दर चौरस मीटरला साधारण ५ किलोग्रॅम असते. ते थेट पत्र्याला चिकटवीत नाहीत. मध्ये बंद छिद्रांच्या फोमचा थर देऊन ते पत्र्यापासून अलग ठेवावे लागते व शक्यतो सलग अंथरावे लागते, कारण अडथळ्यातील लहानशी फटही त्याचा गुण घालविते. त्याची योग्य जागा म्हणजे गालिच्याखालील तळ.

तिसरा प्रकार शोषकांचा : नमदा, कृत्रिम तंतूंच्या गाद्या, उघड्या छिद्रांचा फोम. हे पोकळीत घुमणारा आवाज शोषून घेतात. मात्र उघड्या छिद्रांचा फोम पाणीही शोषतो. कोकणात, केरळात किंवा कोलकात्यासारख्या दमट शहरात दाराच्या आत असा फोम घालणे म्हणजे गंजाला आमंत्रण होय. जेथे पाणी पोहोचू शकते, तेथे बंद छिद्रांचाच फोम घ्यावा.

उन्हाची परीक्षा

आपल्या देशात निवडीचा सर्वांत मोठा निकष उष्णता हा आहे. स्वस्त पत्रकांत ब्युटाइलऐवजी डांबर असते. मोटार उत्पादक कारखान्यात डांबरयुक्त थर तळाच्या पत्र्यावर भट्टीत पक्के बसवितात, ती गोष्ट निराळी. छताची गळती थांबविण्यासाठी बनविलेली डांबरी चिकटपट्टी गाडीच्या दारात किंवा टपाला लावली, तर मे महिन्यात ती मऊ होऊन घसरते व डांबराचा वास गाडीत कोंडतो. नागपूर, जळगाव, ग्वाल्हेर किंवा बिकानेर येथे हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा गडद रंगाचा टप ७० अंशांच्याही वर तापू शकतो.

म्हणून विकत घेण्यापूर्वी एक तुकडा मागून घ्यावा. तो लोखंडी पत्र्यावर चिकटवून पत्रा उभा करून गच्चीवर चार-पाच दिवस उन्हात ठेवावा. तुकडा घसरला, कडेने काळा रस सुटला किंवा उग्र वास आला, तर ते साहित्य गाडीसाठी नव्हे. विक्रेता तुकडा देण्यास तयार नसेल, तर तीही एक प्रकारची माहितीच समजावी. वाहनांच्या अंतर्भागातील साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. साहित्य त्यानुसार तपासलेले आहे का, हेही विचारावे. घरबांधणीतील थर्मोकोल वा गादीचा फोम गाडीत भरणे सर्वथा टाळावे.

बसविण्याची रीत

कामास दाराने प्रारंभ करणे इष्ट, कारण चूक झाली तरी ती सुधारता येते. पुढील दोन दारांना साधारणपणे एक सुटीचा दिवस लागतो. प्रथम काचा पूर्ण वर घेऊन बॅटरीचे ऋण टोक सोडावे व काही मिनिटे थांबावे. दारात किंवा आसनाखाली पिवळ्या रंगाचे जोड दिसल्यास ते एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये. विजेवरील गाडीत नारिंगी तारा उच्च दाबाच्या असतात. अशा गाडीच्या तळाचे काम अधिकृत कार्यशाळेकडेच सोपवावे.

दाराच्या पॅडचे स्क्रू हाताच्या पकडीमागे व कडीच्या वाटीत दडलेले असतात. ते काढून प्लॅस्टिकच्या पट्टीने क्लिपा एकेक करून मोकळ्या कराव्यात. जोर करू नये. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे. काही क्लिपा तुटतातच, म्हणून डझनभर नव्या आणून ठेवाव्यात. पॅडमागे प्लॅस्टिकचा एक पातळ पडदा दिसेल. तो निरुपयोगी समजून फेकण्याची चूक अनेकजण करतात. काचेवरून ओघळून दारात शिरणारे पावसाचे पाणी पॅडकडे येऊ न देण्याचे काम हाच पडदा करतो. तो अलगद सोडवून ठेवावा.

आता पत्र्याची स्वच्छता. धूळ, मेण व ग्रीस राहिल्यास उत्तम पत्रकही सुटते. साबणाच्या पाण्याने पुसून, कोरडे करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटचा हात फिरवावा. पेट्रोल वापरू नये. गंज दिसल्यास तो घासून, प्रायमर लावून, तो पूर्ण वाळल्यावरच पुढे जावे. पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यानुसार पत्रकाचे तुकडे करावेत. वर्खाच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालावेत. दाराच्या बाहेरील पत्र्याच्या मध्यापासून कडेकडे जात तुकडा चिकटवावा आणि लहान रोलरने जोर लावून दाबावा. वर्खावरील नक्षी सपाट झाली, की पत्रक बसले असे समजावे. खाली हवेचे फुगे राहिल्यास तेवढ्या भागात उपाय निष्फळ ठरतो. थंडीच्या दिवसांत हीट गनने पत्रक किंचित कोमट करावे. एरवी त्याची गरज भासत नाही.

या कामात एक नियम कधीही मोडू नये. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात. ती बुजवू नयेत. ती बुजली, की पाणी दारात साचते, दोन पावसाळ्यांत पत्रा गंजतो आणि आवाजासाठी केलेला खर्च डेंटिंग-पेंटिंगच्या खर्चाला जन्म देतो. काच सरकण्याचा मार्ग, कुलपाच्या सळ्या व तारा यांनाही पत्रक लागता कामा नये. काम झाल्यावर पडदा पूर्ववत चिकटवावा. पॅड बसविण्यापूर्वी काच खाली-वर करून, कुलूप लावून पाहावे आणि काचेवर तांब्याभर पाणी ओतावे. ते तळाच्या छिद्रांतून बाहेर आले, तर काम बरोबर झाले.

दारांनंतर मागील चाकांच्या कमानी व डिकीचा तळ घ्यावा. लहान गाड्यांत डिकी व प्रवासी यांच्यामध्ये भिंत नसल्याने येथील सुधारणा लगेच जाणवते. टपाचे काम शेवटी आणि जाणकाराकडूनच करून घ्यावे. टपाच्या कडेने पडदा-एअरबॅगा असू शकतात. त्यांच्या मार्गात काहीही चिकटविणे प्राणघातक ठरू शकते. बॉनेटखाली केवळ उष्णतारोधक साहित्यच चालते आणि सायलेन्सरच्या नळीजवळ काहीही लावू नये.

वजन, कागदपत्रे आणि हिशेब

२ मिलिमीटरचे ब्युटाइल पत्रक दर चौरस मीटरला सुमारे ३ किलोग्रॅम भरते. चार दारांचे मिळून ४ चौरस मीटर पत्रे पूर्ण झाकले, तर वजन १२ किलोग्रॅम होते. एक तृतीयांश झाकले, तर ४. तळावर जड विनाइल अंथरल्यास त्यात आणखी भर पडते. हे वजन गाडी आयुष्यभर वाहणार आणि त्याचे इंधन मालकच भरणार. कमी साहित्य योग्य जागी लावण्याचा आग्रह यासाठीही आहे.

गाडी वॉरंटीत असेल, तर काम करण्यापूर्वी अधिकृत विक्रेत्याचे मत लेखी घ्यावे; तारा कापून जोडल्यास विद्युत भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. विम्याची घोषित रक्कम उत्पादकाच्या सूचीतील किमतीवरून, घसारा वजा करून ठरते. नंतर बसविलेले साहित्य तीत आपोआप समाविष्ट होत नाही. खर्च मोठा असेल, तर देयक जपून नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीस कळवावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून पत्रा कापणे, आसने कमी करणे असे उद्योग करू नयेत. गाडी कर्जाऊ असेल, तर ती बँकेकडे तारण आहे, याचेही भान ठेवावे. तिची निगा राखणे हे कर्जदाराच्या हिताचेच असते.

खर्चाची आखणी टप्प्याटप्प्याने करावी. प्रथम टायर व बीडिंग, मग पुढील दारे, मग डिकी, मग गरज वाटल्यास तळ. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच रस्त्यावर वहीतील नोंद करावी आणि फरक समाधानकारक वाटला, की थांबावे. दुकानदाराकडून दरपत्रक घेताना एकूण रक्कम न विचारता साहित्याचा प्रकार, क्षेत्रफळ, दर चौरस मीटर दर व मजुरी असे चार रकाने लिहून मागावेत. दोन दुकानांची तुलना त्याशिवाय होत नाही.

किती शांतता अपेक्षावी?

इतके करूनही लहान गाडी आलिशान गाडीइतकी शांत होत नाही. काचा पातळ असतात आणि काचांतून येणाऱ्या आवाजावर पत्रकांचा इलाज नाही. मोठा आवाज ओसरला, की आजवर त्याखाली दडलेली एखादी क्लिप किंवा कप्प्याचे झाकण किरकिरू लागते. तो कामाचा दोष मानू नये. शिवाय रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू येणे आवश्यकच आहे. आतल्या माणसांना परस्परांचे बोलणे कळावे, एवढीच शांतता पुरेशी आहे.

पुन्हा सोलापूरच्या वाटेवरील त्या गाडीकडे वळू. समजा, निदानात तिचे मागील टायर कडक झालेले आढळले, एका दाराचे बीडिंग दबलेले निघाले आणि डिकीचा तळ ‘ढण्’ असा वाजला. टायर बदलले, बीडिंग नवे आले, डिकीत व मागील दारांत मोजकी पत्रके लागली. नव्या गाडीच्या कर्जाचा अर्ज तूर्त कपाटात राहिला. पुढच्या खेपेस भिगवणजवळ आजी विचारतात, “उजनीचं पाणी इथूनच दिसायचं ना रे?” पुढच्या आसनावरून पहिल्याच वेळी उत्तर येते, “हो आई, आता येईलच डावीकडे.” आणि नातू खिडकीकडे सरकून विचारतो, “आजी, उजनी म्हणजे काय?” इंदापूर येईपर्यंत आजींचे सांगणे संपलेले नसते.